सातच्या खाली नाही

आधीच सांगते, माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षरही वाकडं आहे. ज्याच्या हाती ही वही पडेल त्यानं सांभाळून घ्यावं. बोलणं मला कधी जमलं नाही. चार माणसं बसली की मी आत चुलीपाशी. म्हणून लिहिते.

चांदा जिल्ह्यात, मूल गावाच्या बाजूला आमचं गाव. धानाची शेती. सासऱ्यांच्या मागं त्यांची भरमार, म्हणजे नळीतून दारू ठासायची बंदूक घरात राहिली होती, रानडुकरं हाकायची. तिचा घोडा केव्हाच मोडला होता, बार उडत नव्हता. तरी आमचे घरधनी जंगलाच्या वाटेला लागले की ती खांद्यावर असायचीच. त्यांना वाघाचं भारी भ्या. दोस्त चिडवायचे, "याले बंदुकीबिगर लोटा घेऊनही जाता येत नाई." ते स्वतःही हसायचे, आणि बंदूक घ्यायचेच.

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. त्या साली गावची बोडी फुटली. बोडी म्हणजे आमचं लहान तळं. पाणी गेलं आणि निसवायला, लोंब्या धरायला आलेलं धान उभ्याउभ्या वाळलं. दिवाळीनंतर एक दिवस दोन दोस्त बोलवायला आले. लाकूडतोडीचं काम पाहून येतो, असं सांगून आमचे निघाले. त्या दिवशी बंदूक भिंतीलाच टेकलेली राहिली. विसरले, का मुद्दाम ठेवली, ते मला आजही ठाऊक नाही. सासूबाई ती घेऊन मागं धावल्या आणि त्यांच्या हातात दिली. वाटेत वाघ आहे रे, म्हणाल्या.

तिघांनी चामोर्शीच्या बाजारातून परतणाऱ्या व्यापाऱ्याची बैलगाडी अडवली. दोघांकडे काठ्या होत्या. एकानं गाडीवानाला मारलं. आमच्यांनी बंदूक रोखून धरली. थैली घेऊन पळाले, आणि वैनगंगा ओलांडताना ती थैलीही पाण्यात गेली. दुसऱ्या दिवशी पोलीस दारात.

खटला चांद्याला चालला. आमच्या वकिलानं पढवलं होतं, बंदूक झाडाला टेकून ठेवली होती असं म्हण. पण यांना खोटं बोलता यायचं नाही. बंदूक कुठं होती, असं विचारलं, तर म्हणाले, हातात. रोखली होती का?

"रोखली. पन ते उडत नाई, साहेब."

लोक हसले. न्यायाधीश हसले नाहीत, खाली मान घालून लिहीत राहिले. काठीवाल्या दोघांना तीन-तीन वर्षं झाली. यांना सात.

बाहेर पिंपळाखाली वकिलानं समजावलं. कायदाच तसा आहे. लुटीत ज्याच्या हाती बंदूक, त्याला सातच्या खाली देता येत नाही. साहेबांच्या मनात कमी द्यायचं असलं तरी नाही. ती उडते की नाही, हे कोणी धरत नाही.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पन बंदूक त म्या देल्ली त्याले. त्यातली काही वरसं मले द्या ना."

वकील कागद बांधत राहिले.

आमच्याकडे पंचांपुढे चोरीचा माल परत केला, दंड भरला, की गोष्ट मिटते. मग कोणी ती त्या माणसाच्या तोंडावर काढत नाही. सासूबाईंनी तेच धरलं. पैसे फिटले की पोरगा सुटेल. तसं नसतं, असं मी एकदाच हळू बोलले. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की पुन्हा बोलले नाही. सासूबाई वर्षं धानाच्या पिकावर मोजायच्या, एक धान म्हणजे एक वर्ष. सात धानं. त्याच्या आत फेडायचं.

हातातले चांदीचे गोट आधी गेले. मग आम्ही दोघी दुसऱ्यांच्या बांधीत धानाची रोपं लावायचा रोवणा करायचो, उन्हाळ्यात मोहफुलं वेचायचो, तेंदूची पानं तोडायचो. जमतील तेवढे पैसे मूलला, त्या लुटलेल्या व्यापाऱ्याच्या धानाच्या गिरणीवर नेऊन द्यायचो. पहिल्यांदा तो घेईना. सासूबाई उठेनात, तेव्हा घेतलं. मधेच ते काठीवाले दोघं सुटून आले. त्यातला एक आमच्या दारावरून जाताना मान खाली घालायचा. सासूबाई त्यालाच हाक मारून विचारायच्या, तुरुंगात जेवायला काय देतात रे.

त्यांना मुलगा पुन्हा दिसला नाही. सहावं धान घरात यायच्या आधीच त्या गेल्या. पण गिरणीवरचा शेवटचा दिवस लिहायचा म्हणून ही वही घेतली.

पाचव्या धानानंतरची गोष्ट. तेव्हा त्यांना नीट दिसत नव्हतं. नोटा बोटांनी चाचपून त्यांनी स्वतःच व्यापाऱ्याच्या हातात दिल्या. तो म्हणाला, "बाई, फिटले. आता माझं तुमच्याकडं काही नाही."

"मंग भाऊ, लिहून दे. त्याले सोडा म्हनून."

व्यापाऱ्यानं हातातल्या नोटा खाली ठेवल्या. गिरणीचा पट्टा फटफटत होता.

"माझ्या हाती असतं तर तेव्हाच लिहिलं असतं, बाई."

सासूबाई धानाच्या पोत्यावर बसल्या. रिकामी पिशवी मांडीवर घेऊन घडी केली, पुन्हा उलगडली, पुन्हा घडी केली आणि कमरेला खोचली. मला म्हणाल्या, चल. दोन धानं अजून बाकी होती. पैसे मात्र त्या दिवशी पूर्ण फिटले.