झोपाळ्याच्या पट्ट्या

माझी आई मंगल कार्यालयात भांडी घासायची. हे मी कुणापासून लपवत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि टेक्सासमधल्या फ्रिस्कोत ज्या घराच्या गॅरेजमध्ये मी बिअर बनवतो ते घर माझ्या पगारावर उभं आहे.

पण उघडी स्टीलची पातेली मला त्या गॅरेजमध्ये नको होती. बिअरला तीन मोठी भांडी लागतात. एकात पाणी तापवायचं, दुसऱ्यात मोड आणून वाळवलेले जव भिजवायचे, आणि तिसऱ्यात त्यांचा काढा उकळायचा. दुकानात मिळतात ती थेट लग्नाच्या वरणाची पातेली. ती बघितली की मला राख दिसायची, नारळाची शेंडी दिसायची. म्हणून ठरवलं, प्रत्येक भांड्याला बाहेरून लाकूड चढवायचं. आत स्टील, त्यावर उष्णता धरायला जाड अस्तर, त्यावर उभ्या लाकडी पट्ट्या, आणि पिंपाला असतात तसे लोखंडी पट्टे आवळायचे. पट्ट्यांच्या कडा किंचित तिरक्या रंधल्या तरच गोल जुळतो. एक कड चुकली की फट पडते आणि पुढच्या सगळ्या पट्ट्या सरकतात. पाणी तापवायचं ते विजेवर, लाकडाखाली गॅस कोण पेटवणार?

पहिली दोन भांडी सीडरचं लाकूड चढवून झाली. त्या शनिवारी मी ओळखीच्या घरांना बोलावलं. माझ्याबरोबर बिअर बनवणारा ऑफिसातला मित्र आला, त्याची बायको आली, आणि त्याचे वडील आले. हे काका पुण्याचे निवृत्त प्राचार्य. बायको गेल्यावर मुलाकडे राहायला आलेले. पहिल्याच भेटीत त्यांनी मला मूळ गाव विचारलं होतं, मग आडनाव पुन्हा विचारलं होतं, मग वडील काय करायचे, आई काय करायची. मी सरळ सांगितलं होतं. त्यानंतर ग्लास भरताना ते दर वेळी म्हणायचे, "तुमच्यात काय, चालतंच."

त्या दिवशी त्यांनी भांड्याभोवती एक फेरी मारली. बोटानं टकटक केलं.

"वरून लाकूड. आत पातेलंच ना?"

"हो काका."

"छान. आईनं घासली, मुलगा नटवतोय."

सगळे हसले. मित्र म्हणाला, "बाबा पण ना, कमाल करतात!" आणि त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. माझी बायको भज्यांची प्लेट घेऊन उभी होती, ती तेवढी हसली नाही.

उन्हाळ्यात मित्रानं दोन गल्ल्या पलीकडे नवं, मोठं घर घेतलं. जुन्या घरात काकांचा झोपाळा होता. सागवानी, पाठ आणि हात असलेला, पुण्याहून कंटेनरमधून आणलेला. काका दिवसभर त्यावर असायचे. नव्या घरात सुनेनं सांगितलं, सीलिंगला भोकं पाडायची नाहीत. झोपाळा मित्राच्या गॅरेजमध्ये भिंतीला टेकून पडला. एक दिवस मित्र तो ट्रकमध्ये घालून माझ्याकडे घेऊन आला.

"प्युअर सागवान आहे यार. कचरेवाल्यासाठी कर्बवर ठेवण्यापेक्षा तुझ्या तिसऱ्या भांड्याला लाव."

"काकांना विचारलंस?"

"त्यांना रिक्लायनर घेतलाय ना. मसाजवाला."

मी लगेच कामाला लागलो. पाठ आणि हात चिरले, अर्धा गोल झाला. उरलेल्या अर्ध्याला बैठकीची फळी लागणार होती. ती रुंद होती, मधोमध बसून बसून किंचित खोल झालेली. करवतीच्या टेबलावर ठेवून मी खुणा करत होतो, तेवढ्यात काका आले. टेक्सासच्या दुपारी चालत आले होते. शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांनी टेबलाकडे बघितलं.

"फळी राहिलीय अजून?"

"राहिलीय."

"मग तेवढी ठेव, बाळा. बाकीचं घे तू. कड्याही घे, पितळी आहेत."

मला बाळा ते पहिल्यांदाच म्हणत होते.

"टांगणार कुठे काका? हुक लावू देत नाहीत ना?"

"टांगत नाही. खोलीत जमिनीवर ठेवीन. ही माझ्या शेजारी बसायची रे. शेवटी शेवटी पाय वर घेऊन बसायची."

मी पेन्सिल खाली ठेवली. सीडर दुकानात हवं तेवढं मिळतं, गाडी काढली की झालं. फळी त्यांना मी दिली असती. अगदी घरापर्यंत पोचवली असती.

"एक काम करा काका. माझ्या आईबद्दल बोललात ना त्या दिवशी, ते मागे घ्या."

त्यांना आठवायला वेळ लागला. मग ते हसले, मनापासून.

"अरे, ते होय! गंमत होती ती. तुम्ही लोक फार मनाला लावून घेता."

मी डोळ्यांवर चष्मा चढवला आणि करवत सुरू केली. काका काहीतरी बोलत होते, पुढेसुद्धा आले, पण आवाजात ऐकू येत नव्हतं. मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही. सागवान मऊ चिरतं, तेलकट वास येतो. एकेक पट्टी सुटत गेली तशी मी बाजूला लावत गेलो. काका गॅरेजच्या उंबऱ्याशी एका उलट्या बादलीवर बसून राहिले. उठून गेले असते तर बरं झालं असतं, पण गेले नाहीत.

बायको मला विचारते, वाईट नाही वाटलं? नाही वाटलं. हात स्थिर होता. त्या भांड्याइतका नेटका गोल माझा आजवर जुळलेला नाही.

शेवटचा पट्टा आवळत होतो तेव्हा मित्राची गाडी आली. "बाबा, हंड्रेड डिग्रीमध्ये चालत आलात? फोन तरी करायचा!"

काका उठले. "काही नाही. याचं काम बघायला आलो होतो."

मुलाला ते काही सांगणार नाहीत, हे मला तेव्हाच कळलं. मित्र भांड्याशी गेला आणि त्यानं शिट्टी वाजवली.

"कसलं भारी झालंय! बाबा, हात लावून बघा ना."

काका जागचे हलेनात. मग मित्रानंच त्यांचा हात धरला आणि नेऊन लाकडावर ठेवला.

"किती स्मूथ ना?"

"हो," काका म्हणाले.

मी पाना ठेवला आणि मागच्या खेपेची बिअर चाखायला दोन ग्लास काढले. काकांना विचारलं नाही.