एक नंबरची सीट

होटगी रोडवरच्या त्या मेकॅनिकचं नाव मी कधी विचारलं नाही. जुन्या जर्मन गाड्या घेऊन लोक त्याच्याकडेच जातात. माझी सेकंडहँड गाडी नेली, तेव्हा बॉनेट उघडण्याआधी त्याने त्यावर तळहात ठेवला, तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा.

बॅटरी बदलायची होती. त्याने आधी दुसरी बॅटरी जोडली आणि मगच जुनी काढली.

"हे कशाला?" मी विचारलं.

"करंट तुटला की गाडी सगळं इसरती, कुणाची सीट कुटं लावली ते बी. सीटचं एक नंबरचं बटन दाबून बघा की."

दाबलं. सीट घरघरत पुढे सरकली आणि माझे गुडघे स्टिअरिंगला टेकले.

"आधीच्या मालकीणबाई लई बुटक्या होत्या. वारल्या. तुमी तुमची सीट दोन नंबरवर लावा. एक नंबर तसाच राहू द्या."

"बदलला तर?"

तो फडक्याने बोटं पुसत राहिला. "मग त्यांनी कुटं बसायचं?"

मी हसलो. तो हसला नाही.

काल सकाळी नेहमीसारखं माझं दोन नंबरचं बटन दाबलं. सीट घरघरत पुढे सरकली.

मी मुकाट्याने उतरलो आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसलो.