टेपताईचं बाळंतपण

प्रसूतिगृहाच्या कपडेखोलीत ती लग्नाच्या आधीपासून कामाला होती. धुऊन आलेल्या चादरी ताब्यात घ्यायच्या, फाटक्या बाजूला काढायच्या, गाऊनच्या तुटक्या नाड्या शिवायच्या, बाळांची दुपटी घडी करून फडताळात लावायची आणि वॉर्डातून मागणी आली की छोट्या खिडकीतून बाहेर द्यायची. काम तसं कोरडं. पण कपडेखोलीची एक भिंत लेबर रूमला लागून होती, आणि ती बांधताना निम्म्या विटा गवंड्याने स्वतःच्या घरी नेल्या असाव्यात. पलीकडचं दिसायचं काही नाही, ऐकू मात्र सगळं यायचं.

आवाज उचलायची तिला उपजतच देणगी होती. शाळेत असताना तिने मोठ्या बाईंच्या आवाजात शिपायाला हाक मारून मधल्या सुट्टीची घंटा वाजवायला लावली होती, असं तिची आई मार दिल्याचं सांगत सांगतच कौतुकाने सांगे. दवाखान्यात तिचं नाव आधी 'टेप' पडलं आणि वय वाढलं तशी त्याला 'ताई' चिकटली.

दुपारचा चहा कपडेखोलीतच व्हायचा. तिथे बसायला मऊ गाठोडी होती आणि वरचं कुणी फिरकत नसे. आयांमधली थोरली मावशी, दोन सिस्टर आणि लिफ्टवाला असे सगळे कपबशा घेऊन बसले की कुणीतरी म्हणायचं, "टेपताई, लाव की काहीतरी."

मग ती लावायची. नवऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारी लावायची. प्रत्येक कळेला डॉक्टरांची माफी मागणारी लावायची. "माझं राहू दे, आधी त्या पलीकडच्या बाईंचं बघा," म्हणणारी शालीन बाई लावायची, तेव्हा लिफ्टवाल्याचा चहा नाकातून यायचा. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. दिवसभर रडणं ऐकणाऱ्या माणसांना कुठेतरी हसावं लागतंच, असं थोरली मावशी म्हणायची आणि ते सगळ्यांनाच पटलेलं होतं.

तिची सगळ्यात गाजलेली नक्कल म्हणजे 'दार लावा'. एक बाई लेबर रूममध्ये एकच गोष्ट मागत होती. आधी अगदी रीतीने: "अहो, जरा दार लावता का?" मग चिडून: "दार लावा म्हटलं ना!" आणि शेवटी सहा वर्षांच्या मुलीसारखं, नाक ओढत: "मी काहीच मागत नाही हो, नुसतं दार लावा." तीन पायऱ्यांमध्ये आवाज कसा घसरत जातो ते ती असं काही धरायची की सिस्टर पोट धरून गाठोड्यावर आडव्या व्हायच्या.

ती बाई म्हणजे तिची नणंद होती.

हे मात्र कपडेखोलीत कुणाला माहीत नव्हतं. पहिल्यांदा नक्कल केली तेव्हा तिला स्वतःलाही नव्हतं. पलीकडे आवाज चालू होता, इकडे तिच्या हातात कप होता, आणि एकेक वाक्य भिंतीतून येताच ती ते गरमागरम वाढत होती. तेवढ्यात चादरींची मागणी आली. थोरल्या मावशीला हसून ठसका लागलेला, म्हणून गठ्ठा घेऊन ती स्वतःच गेली. खाटेवर नवऱ्याची बहीण होती. शिवणाच्या क्लासात मुलींना शिकवता शिकवता दिवसांच्या आधीच कळा सुरू झालेल्या आणि कुणीतरी रिक्षात घालून आणलेली. तिला बघताच नणंदेने तिचा हात घट्ट धरला. "बरं झालं गं, तू आहेस," म्हणाली आणि रडायला लागली. हिने पायाने दार लोटलं. हात सोडवून घ्यायची हिंमत झाली नाही, म्हणून मूल होईपर्यंत तशीच उभी राहिली.

त्यानंतर तरी ती नक्कल थांबायला हवी होती. पुढच्याच आठवड्यात चहाला कुणीतरी म्हणालं, "दार लावा लाव ना." तिने एकदा नको म्हणून पाहिलं. मग लावली. तिच्याजवळ त्या नकलेइतकी चांगली दुसरी नक्कल नव्हती.

पुढे बऱ्याच वर्षांनी, सगळ्यांनी विचारायचं सोडून दिल्यावर, तिला दिवस गेले. दवाखान्यात आनंदीआनंद. घरच्या माणसासाठी कोपऱ्यातली खोली ठेवायची असं मोठ्या डॉक्टरीणबाईंनी स्वतः सांगितलं. ती पोट सांभाळत कामावर येत होती, गाठोडी दुसरं कुणीतरी उचलत होतं. नववा महिना लागला आणि एका दुपारी चहा ओतता ओतता थोरली मावशी म्हणाली, "आता आपली टेप कशी वाजते ते बघायचं बाई! मी तर रजासुद्धा घेणार नाही त्या दिवशी."

"भिंतीला कान लावून बसू सगळे," लिफ्टवाला म्हणाला. "इतकी वर्षं हिनं ऐकवलं. आता आपली पाळी."

सगळे हसले, तीही हसली. त्या संध्याकाळी घरी येऊन चपलासुद्धा न काढता तिने नवऱ्याला सांगितलं, "मी घरीच बाळंत होणार."

नवरा पाण्याच्या पंपांची दुरुस्ती करायचा. समोर एक मोटर उघडी पडली होती. त्याने पाना खाली ठेवला. "अगं, लोक तुमच्या दवाखान्यात जागा मिळावी म्हणून ओळखी काढतात. तुला कोपऱ्याची खोली मिळतेय. मग हे काय मध्येच?"

"घरचं बरं वाटतं. आपली माणसं, आपलं अंथरूण. तिथे सगळी घाई असते."

"आई, ऐकलंस का? ही घरी म्हणतेय."

सासूबाई निवडणं खाली न ठेवता म्हणाल्या, "माझी चारही घरीच झाली. त्यातली दोन राहिली."

"आई!"

"खरं ते सांगितलं. मी घराच्या बाजूनं बोलतेय की विरुद्ध, ते तुमचं तुम्ही ठरवा."

ती हट्टाला पेटली. भीतीपुढे माणूस हटतो, लाजेपुढे हटत नाही. तिने पुस्तकी वाक्यं गोळा केली, घरच्या बाळंतपणाचे फायदे नवऱ्याला मोजून दाखवले, आणि प्रत्येक फायदा बोलताना आपण खोटं बोलतोय हे तिच्या कानांना कळत होतं. कान तिचे चांगलेच होते.

घरी बाळंतपणं करणाऱ्या एक सुईणबाई होत्या. रीतसर शिकलेल्या, नोकरीतून निवृत्त झालेल्या, स्कूटरवर मोठी पेटी बांधून फिरणाऱ्या. त्या येऊन घर बघून गेल्या. नळ सोडून पाहिला, खाट हलवून पाहिली, जिन्यातून स्ट्रेचर उतरेल का ते नवऱ्याला आडवा धरून अजमावलं. पोट तपासलं, दवाखान्याचे सगळे कागद वाचले. मग म्हणाल्या, "सगळं नीट आहे, म्हणून हो म्हणते. काही बिघडतंय असं वाटलं तर मी म्हणेन त्या क्षणी दवाखान्यात निघायचं, वाद नाही. आणि माझ्या हाताखाली एक बाई पाहिजे. स्वतः बाळंतपणातून गेलेली, रक्त बघून न पडणारी. सासूबाई नकोत, त्यांचे गुडघे साथ देणार नाहीत. अशी कुणी मिळाली नाही तर मी हे काम घेणार नाही."

"ताई आहे ना!" नवरा लगेच म्हणाला. "माझी बहीण. तिच्यापेक्षा चांगली कोण मिळणार?"

तिला नाही म्हणायला तोंड नव्हतं. कारण काय सांगणार?

नणंद दुसऱ्याच दिवशी आली, गळ्यात टेप अडकवलेली, ब्लाउजला सुया टोचलेल्या. ऐकून तिचे डोळेच भरून आले. "मला सांगितलंस, बरं केलंस. मी येणार. तू माझा हात सोडला नव्हतास त्या दिवशी, मी विसरले नाहीये." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि घरी करतेयस तेही बरंच. तिथे मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. दार सताड उघडं, येणारे-जाणारे बघतायत. मी इतकी ओरडत होते की नंतर माझीच मला लाज वाटली. पण एक सांगू? भिंतीपलीकडे कुणीतरी हसत होतं. खूप हसत होतं. मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, जगात कुठेतरी माणसं चहा पीत हसतायत, म्हणजे आपणही यातून निघू."

ती नणंदेच्या ब्लाउजवरच्या सुयांकडे बघत राहिली. "हो का," एवढंच म्हणाली.

आता सांगून टाकावं असं तिला रोज सकाळी वाटे. सांगितलं तर नणंद यायची नाही. नणंद आली नाही तर सुईणबाई यायच्या नाहीत. मग कोपऱ्याची खोली, आणि भिंतीला लागलेले कान. म्हणजे दुसऱ्याचं ओरडणं विकून खाल्लं आणि स्वतःचं मात्र झाकायचं, तेही त्याच बाईच्या पदराआड. हे तिला कळत होतं. कळूनही ती स्वतःला समजावत राहिली की बाळंतपण होऊ दे, मग सांगू.

रजेवर जायच्या दिवशी कपडेखोलीत निरोपाचा चहा होता. एकटी घरी येऊ नकोस, मी तुला घ्यायला येते, म्हणून नणंद पिशवी घेऊन नेमकी त्याच वेळी दारात आली. थोरल्या मावशीने तिला आत ओढून गाठोड्यावर बसवलं, हातात कप दिला. "टेपताईच्या नणंद का तुम्ही? या, या. घरात करते का ही नकला?"

"ही आणि नकला?" नणंद कौतुकाने हसली. "घरी तर तोंड उघडत नाही."

"अहो, काय सांगता! टेपताई, लाव गं. 'दार लावा' लाव. जाता जाता एकदा."

"नको. दम लागतो," ती म्हणाली.

"बरं, तू बस. मीच करते. इतक्या वेळा ऐकलंय." आणि थोरली मावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिला नक्कल येत नव्हती. नकलेची नक्कल येत होती, तीही ढोबळ. पण वाक्यं तीच होती. "अहो, जरा दार लावता का?" लिफ्टवाला आधीच हसायला लागला. "दार लावा म्हटलं ना!" एका सिस्टरने पुढचं उचललं, आणि मग दोघींनी मिळून, नाक ओढत, म्हटलं, "मी काहीच मागत नाही हो, नुसतं दार लावा."

नणंदेच्या चेहऱ्यावर पहिल्या वाक्याला हसू होतं. दुसऱ्याला ते तसंच राहिलं, जसं कुणी घर सोडून गेल्यावर दिवा चालू राहावा. तिसऱ्यानंतर तिने कप हळूच खाली ठेवला.

"छान करता," ती मावशीला म्हणाली.

"आम्ही कसल्या! हिची ऐका एकदा. हुबेहूब!"

रिक्षात दोघी शेजारी बसल्या. सगळा रस्ता नणंद बाहेर बघत होती. घराच्या वळणावर तिने विचारलं, "ते हसणं तुझंच होतं का गं?"

"मला माहीत नव्हतं तुम्ही आहात ते."

"आणि नंतर?"

रिक्षा थांबली. नणंदेने पिशवी उचलली, तिला हात धरून उतरवलं आणि हात लगेच सोडला. "मी येणार आहे," ती म्हणाली. "सुईणबाईंना शब्द दिलाय मी. तुला नाही."

कळा एका सकाळी सुरू झाल्या. सुईणबाई आल्या, पाठोपाठ नणंद. आल्या आल्या तिने हात कोपरापर्यंत धुतले, केस बांधले आणि सांगतील ते करायला उभी राहिली. पाणी, टॉवेल, पाठ चोळणं, उशी सरकवणं, कशातच कसर नव्हती. बोलणं मात्र कामापुरतं: "वळ." "पाणी घे." "पाय इकडे."

सुरुवातीला टेपताई ओठ मिटून होती. चादरीचा कोपरा तोंडात कोंबलेला. सुईणबाई रागावल्या. "अहो, आवाज दाबू नका. श्वास अडतोय तुमचा. बाळाला लागतो तो." नणंदेने तो कोपरा तिच्या दातांतून काढून घेतला. तिने तो परत घेतला, नणंदेने परत काढला. मग तिसऱ्या कळेला काही हातात राहिलं नाही. दुपारपर्यंत घर ओरडण्याने भरून गेलं होतं, वरच्या मजल्यावरचा रेडिओ बंद झाला होता, आणि ती जे ओरडत होती ते तिला स्वतःलाही आधी कळलं नाही.

"हसू नका! कुणी हसू नका!"

खोलीत कुणी हसत नव्हतं. सुईणबाईंनी चमकून नणंदेकडे पाहिलं. नणंद तिचा खांदा धरून उभी होती. तिची बोटं तशीच राहिली, घट्टही झाली नाहीत, सैलही नाहीत.

"हसू नका ना हो! ताई, त्यांना सांगा!"

मुलगी झाली. धडधाकट, लाल, रागावलेली. सुईणबाईंनी सगळं आवरलं आणि दार उघडल्यावर नवरा आत आला, मागून गुडघे धरत सासूबाई. नवऱ्याने मुलीकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि सुटकेच्या भरात त्याला गंमत सुचली. "काय गं, तुमचा लिफ्टवाला सांगत होता, सगळ्या जगाच्या नकला करतेस म्हणे! आज तुझा आवाज चौकापर्यंत गेला. 'हसू नका, हसू नका' काय? कोण हसत होतं आत? ताई, सांग ना, काय काय ओरडत होती ही?"

ती खाटेवर पडून होती. मूल छातीशी होतं. नणंद कोपऱ्यात रक्ताळलेले टॉवेल बादलीत घालत होती. आता ती सांगेल, असं तिला वाटलं. सांगू दे. तिन्ही पायऱ्या लावून, आवाज घसरवत सांगू दे. तिने डोळे मिटून घेतले आणि वाट पाहिली.

"मी नाही ऐकलं," नणंद म्हणाली. "मी कामात होते."

बादली उचलून ती मोरीकडे गेली. नवरा अजून हसतच होता, सासूबाई नातीची बोटं उलगडून बघत होत्या. नळ सुटला. टॉवेल पिळल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. तिला ताईंना हाक मारायची होती. तोंड उघडलं, पण ती हाक कुठल्या आवाजात मारायची ते तिला सुचेना.