लिपाताची पनवती

डेल्फिन काबाहुगच्या पार्लरमध्ये दोन खुर्च्या आहेत आणि त्यातली एक डुगडुगते. नवीन गिऱ्हाईक आलं की तो आधीच सांगून टाकतो, "चांगल्या खुर्चीत तू बस बाई. ही दुसरी माझ्यावर गेलीय."

खुब्याचं हाड मोडून नीट न जुळल्यामुळे त्याचा डावा पाय बोटभर आखूड आहे. चालताना तो डाव्या पायाशी क्षणभर अडतो, खांदा खाली जातो, आणि मग गाडी पुढे निघते. असा हा माणूस गेली बावीस वर्षं लिपातातल्या मुलींना स्टेजवर चालायला शिकवतो आहे, आणि ह्यातला विनोद गावाच्या आधी त्याच्याच लक्षात आला होता. देव मला चेहरा द्यायला विसरला, आवाज दिला तो कोंबड्याचा, पाय तेवढे दोन धड दिले होते, त्यातला एक मीच परत केला, असं तो गिऱ्हाइकाला पावडर लावता लावता सांगतो. पार्लरमध्ये भिंतभर आरसा आहे. त्याचा कमरेखालचा भाग त्याने फिलिपिन्सच्या आजवरच्या सुंदऱ्यांचे फोटो चिकटवून झाकला आहे. पन्नास वर्षांतल्या मुली तिथे पट्टे लावून हसत असतात. जिंकलेल्या थोड्या, हरलेल्या पुष्कळ. त्यांच्यामुळे डेल्फिनला आपलं चालणं बघावं लागत नाही.

लिपाता हे सेबू बेटाच्या दक्षिण टोकाचं कोळ्यांचं गाव. तिथे सुंदरी निवडल्याशिवाय कुठलंही कार्य पार पडत नाही. गावचा संत सान रोके, त्याच्या उत्सवात कुमारिकांतली निवडतात, आज्यांतली निवडतात, माडी काढणाऱ्यांच्या बायकांतली निवडतात, आणि शेवटच्या दिवशी डेल्फिनसारख्या, पुरुषाच्या अंगात बाईचा जीव असलेल्यांतली. तरुणपणी डेल्फिनने ही स्पर्धा तीनदा लढवली. तिथे प्रत्येकीने एकेका देशाचा पट्टा लावायचा असतो, आणि डेल्फिन दर वेळी मिस व्हेनेझुएला. व्हेनेझुएला कुठे आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, पण तिथल्या मुली फार जिंकतात एवढं तो ऐकून होता. तिन्ही वेळा तो तिसरा आला. स्पर्धक किती होते असं कुणी विचारलंच तर तो खरं ते सांगतो. तीन.

पण गावात त्याची खरी ओळख ही नाही. डेल्फिन पांढऱ्या पायाचा आहे. परदेशातल्या एखाद्या बड्या स्पर्धेत आपल्या देशाची मुलगी उभी असताना डेल्फिनने टीव्हीकडे बघितलं की ती गेलीच म्हणून समजा. नऊ वर्षांचा असताना त्याने पहिल्यांदा बघितलं, गावातल्या एकुलत्या एका टीव्हीवर. आपली मुलगी पहिल्याच चाळणीत बाहेर. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षी त्याला गालगुंड झालं, तो घरी पडून राहिला, आणि आपली मुलगी तिसरी आली. एकदा तो नुसत्या जाहिरातीपुरता खिडकीतून डोकावला. जाहिरात संपली तेव्हा आपल्या मुलीचं नाव यादीत नव्हतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते, असं तो सुरुवातीला म्हणत असे. पण फांद्या फारच मोडायला लागल्या.

मग ते वर्ष आलं. उत्सवासाठी पिंपांवर फळ्या टाकून स्टेज केलं होतं. मेयरच्या भाचीला वळायचं कसं हे दाखवताना डेल्फिन तिचेच उंच टाचांचे बूट घालून वळला आणि फळीसकट खाली गेला. तो इस्पितळात तंगडी टांगून पडलेला असताना बाहेरच्या व्हरांड्यात नर्सेस किंचाळल्या. आपल्या मुलीने मुकुट जिंकला होता. गावाने घ्यायचा तो बोध घेतला. पुढे दर वर्षी स्पर्धेच्या सकाळी दोन माणसं येऊन डेल्फिनला मानाने गावाबाहेर माडांत नेऊन बसवू लागली, बरोबर जेवणाचा डबा देऊन. त्यालाही मौज वाटे. एवढा बंदोबस्त मेयरलासुद्धा नसतो, म्हणायचा.

जोरिलिन त्याच्याकडे आली ती अकरा वर्षांची. तिची आई पेर्पिंग सुकी मासळी विकते. डेल्फिनपेक्षा वयाने थोरली म्हणून तो तिला मानंग म्हणतो. आई बाजारात बसली की पोरगी पार्लरमध्ये केर काढायची आणि डेल्फिन चालला की त्याच्या मागून चालायची. एका रविवारी डेल्फिन गावच्या बास्केटबॉलच्या कोर्टावर मुलींचा सराव घेत होता, तिथे तिचा नंबर आला तेव्हा बाकीच्या मुली पोट धरून हसल्या, कारण ती डाव्या पायाशी अडत होती आणि खांदा खाली टाकत होती. तिला वाटलं होतं, सुंदर चालायचं ते असंच. हे मोडून काढायला डेल्फिनने दोन वर्षं घालवली, तरी थोडं राहिलंच. पुढे ती गावात जिंकली, सेबू शहरात जिंकली, मनिलात जिंकली. मनिलातल्या नामांकित शिक्षकांनी पाच महिने खपून ती लकब मुळासकट उपटली, आणि चोविसाव्या वर्षी जोरिलिन साऱ्या देशाचा पट्टा लावून सातासमुद्रापार गेली.

ह्या वेळी गाव धोका पत्करायला तयार नव्हतं. गावचा प्रमुख कप्तान तेर्यो आठवडाभर आधी पार्लरमध्ये आला, उगाचच दाढी करून घ्यायला बसला, आणि गालाला साबण असतानाच म्हणाला, "डेल्फिन, ह्या खेपेला माडांत बसून भागणार नाही. तिथे शेजारच्या घरातला टीव्ही ऐकू येतो. तू बेटावर जा."

बेट म्हणजे होडीने अर्ध्या तासावरचा एक खडक. तिथे कप्तानच्या बकऱ्या चरतात, बाकी कुणी नाही. आणि माझ्यामुळे बकऱ्यांना काही झालं तर, असं डेल्फिनने विचारलं. कप्तान हसला नाही. दारात मानंग पेर्पिंग उभी होती, टोपली काखेत घेऊन.

"मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही, डेल्फिन," ती म्हणाली. "माझी पोर आहे ती."

त्याने शब्द दिला.

दोन दिवसांनी जोरिलिनचा फोन आला. सगळ्या शिष्यांप्रमाणे तीही त्याला मदर म्हणते. "मदर, ह्या वेळी तू बघायचंस," ती म्हणाली.

"डोकं ठिकाणावर आहे का? देशाचं वाटोळं माझ्या हातून करवतेस?"

"मी ऐकणार नाही. शेवटच्या फेरीत वळताना मी तुझ्यासाठी एक खूण करणार आहे. तुला एकट्यालाच कळेल अशी. तूच बघणार नसशील तर करू कुणासाठी?"

तो म्हणाला, बघू. ती म्हणाली, बघू नाही, बघीन म्हण. ती रडवेली झाली तेव्हा तो बघीन म्हणाला. अशा तऱ्हेने एका आठवड्यात त्याने दोन शब्द दिले, आणि ते दोन्ही एकदम पाळणं खुद्द सान रोकेलाही जमलं नसतं.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी सातला इस्को नावाड्याने त्याला बेटावर उतरवलं आणि होडी लगेच मागे फिरवली, कारण त्यालाही स्पर्धा गाठायची होती. डब्यात भात आणि तळलेली कोंबडी होती. मुलगी जिंकली तर किनाऱ्यावर बांबूच्या तोफा उडवायच्या, म्हणजे डेल्फिनला कळेल, असं ठरलं होतं. डेल्फिनने थोडा वेळ बकऱ्यांना वळायला शिकवून पाहिलं. त्या आपल्यापेक्षा बऱ्या वळतात असं दिसल्यावर तो नाद सोडून तो खडकाच्या माथ्यावर चढला. तिथे त्याने खिशातून मोबाइल काढला, तर चांगली रेंज होती. बेटावर रेंज नसते असा कप्तानचा समज होता, आणि खाली ती नव्हतीही.

नऊ वाजले. डेल्फिन मोबाइलवर अंगठा धरून बसला. खरं सांगायचं तर त्याचा पनवतीवर विश्वास नव्हता. आपल्या नजरेत एवढी ताकद असती तर तिचा उपयोग त्याने आधी स्वतःच्या टकलासाठी केला असता. पण विश्वास नसला तरी पारख करून बघायची ती जोरिलिनच्या जिवावर? चुकून गाव खरं निघालं तर? त्याने फोन बंद केला, डब्यात भातावर ठेवला, झाकण लावलं आणि वर स्वतः बसला. त्याला फार वाईट वाटलं. त्याच्या हातची एकच मुलगी तिथवर पोचली होती, आणि तो समुद्राकडे तोंड करून बकऱ्यांच्या लेंड्यांत बसला होता.

दहा वाजले, अकरा वाजले, बारा वाजून गेले. तोफा उडाल्या नाहीत.

इस्कोने होडीतून लांबूनच मान हलवली. परतीच्या वाटेवर त्याने सांगितलं, की पोरगी शेवटच्या पाचांत गेली होती, कोर्टावर सगळे नाचत होते. मग झग्यातली शेवटची फेरी आली आणि तिथे घात झाला.

"पडली?" डेल्फिनने विचारलं.

"पडली नाही, अडली. बरोब्बर मधोमध, वळताना. डावा पाय असा टेकला आणि खांदा असा खाली गेला." इस्कोने वल्हं मांडीवर ठेवून खांदा पाडून दाखवला. "पाचवी आली."

हीच ती खूण, हे डेल्फिनने ओळखलं. मनिलाच्या शिक्षकांनी जे मुळासकट उपटलं होतं, ते तिने साऱ्या जगासमोर एकदा, जाणूनबुजून, पुन्हा करून दाखवलं होतं. म्हणजे इतकी वर्षं गाव बरोबरच सांगत होतं, त्याच्या मनात आलं. फक्त दोष नजरेचा नव्हता, पायाचा होता.

कोर्टावर खुर्च्या आवरणं चाललं होतं. कप्तानची बायको मोबाइलवरचं मोठ्याने वाचून दाखवत होती. देशभरातले लोक जोरिलिनला म्हैस म्हणत होते, चालताही येत नाही म्हणत होते, आणि वाचणारीला एकेक वाक्य पटत होतं. पाच महिने मनिलात राहून पोरीने काय केलं, नुसतं खाल्लं का, असं कप्तान विचारत होता. मानंग पेर्पिंग शेवयांच्या मोठ्या पातेल्यापाशी हातात डाव धरून उभी होती. काल दुपारपासून तिने त्या गावजेवणाची तयारी केली होती. कुणी तिच्यापुढे ताटली धरत नव्हतं, आणि तिच्याकडे बघतही नव्हतं.

डेल्फिन लंगडत कोर्टाच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

"मी बघितलं," तो म्हणाला.

कुणाला आधी कळलंच नाही. मग त्याने मोबाइल वर करून दाखवला. त्याला भाताची शितं लागलेली होती. "बेटाच्या माथ्यावर रेंज येते. राहवलं नाही मला. ती वळत होती, नेमकं तेव्हाच चित्र आलं."

मग कप्तान तेर्योने खुर्ची खाली ठेवली आणि म्हणाला, "तरीच."

हा एक शब्द खुर्च्याखुर्च्यांतून फिरला. तरीच पाय अडला. तरीच पाचवी. पहिली चप्पल कप्तानच्या बायकोने मारली, आणि त्याच दमात ती शेजारणीला सांगू लागली, की ह्या मेल्याची नजर लागूनसुद्धा पोर साऱ्या जगात पाचवी आली, दुसरी असती तर स्टेजवरून खाली पडली असती. त्यानंतर किती चपला आल्या हे डेल्फिनने मोजलं नाही. एवढ्या चपला मिस व्हेनेझुएला असतानाही त्याला कधी पडल्या नव्हत्या. सगळ्यांत शेवटी मानंग पेर्पिंग आली. "शब्द दिला होतास मला," असं म्हणून तिने त्याच्या दंडावर दोनदा डाव हाणला, आणि मग त्याच दंडावर डोकं टेकून ढसढसा रडली. ती परत पातेल्यापाशी गेली तेव्हा तिथे ताटल्या घेऊन रांग लागलेली होती. लोक तिला म्हणत होते, पोरीला लवकर घरी बोलाव, मिरवणूक काढू.

दुपारी डेल्फिन पार्लरमध्ये दंडाला खोबरेल चोळत बसला होता तेव्हा फोन वाजला.

"मदर, बघितलंस?"

"गावाने चपला हाणल्या मला. आणखी काय पुरावा हवा?"

ती हसली. "आणि खूण?"

"डावा पाय टेकलास, खांदा पाडलास. गधडे, त्यापायी मुकुट गेला ना."

"गेला तर गेला. सगळे म्हणतात मी लचकले. म्हणू देत. ज्याला कळायला हवं होतं त्याला कळलं." मग तिने विचारलं, "कसं दिसलं पण? खरं सांग."

होडीत बसलेल्या इस्कोने खांदा पाडला होता, तेवढंच डेल्फिनने बघितलं होतं. त्याने फोन मोडक्या खुर्चीवर ठेवला आणि आरशासमोर उकिडवा बसला. खालच्या रांगेतल्या हसणाऱ्या मुली त्याने नखाने कोपरे सोडवत एकेक करून काढल्या. मग तो उठून दारापाशी गेला, तिथून आरशाकडे चालत आला, मधोमध वळला. डावा पाय टेकला, क्षणभर अडला, खांदा खाली गेला, आणि आरशातला माणूस पुढे निघाला. बावीस वर्षांत त्याने हे कधी बघितलं नव्हतं. तो पुन्हा दारापर्यंत गेला आणि पुन्हा वळला.

खुर्चीवरून जोरिलिन विचारत होती, मदर, आहेस ना.

त्याने फोन उचलला. "आहे," तो म्हणाला. "बघत होतो. चांगलं दिसतं गं ते."