सुशीलाबाईंची उपकारस्तुती

नाताळच्या उपासनेत आमच्या चर्चमध्ये ज्याला वाटेल तो उभा राहून वर्षभरातल्या देवाच्या उपकारांबद्दल बोलतो. कुणी मुलीच्या लग्नाबद्दल, कुणी बऱ्या झालेल्या दुखण्याबद्दल. यंदा सुशीलाबाई उभ्या राहिल्या. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं त्यांनी नऊ वर्षं एकटीनं केलं होतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "पावसाळ्यात माझ्या सासूबाई गेल्या. त्याबद्दल मी देवाचे उपकार मानते."

मी हादरलोच.

"त्या सुटल्या," सुशीलाबाई पुढे म्हणाल्या, "आणि देवासमोर खोटं कशाला बोलू, मीही सुटले."

मला त्यांचा रागच आला. पण मग वाटलं, इतकी वर्षं मी इथे उभं राहून जे उपकार मानले, ते सगळे चारचौघांना ऐकवण्याजोगेच होते. देवाला ठाऊक असलेलं माझ्या मनातलं खरं मी कधी उच्चारलंच नव्हतं.

तेवढ्यात पुढच्या बाकावरून सासूबाईंची धाकटी बहीण काठी टेकत उठली. आता ही काय बोलणार, म्हणून सगळ्यांच्या माना वळल्या. तिने सुशीलाबाईंचे दोन्ही हात हातांत घेतले आणि म्हणाली, "आमेन, पोरी."