पाणी न पिणारे केस

रविवारी सकाळी त्या घरात चार माणसं आणि एक बाथरूम असा सामना रंगायचा. नवऱ्याला दाढी करायची असे, सासूबाईंना आंघोळीशिवाय चहा गोड लागत नसे आणि लेकीला घाईची यायची ती नेमकी आत कुणी असतानाच. त्या रविवारी मात्र घरातली धाकटी सून सगळ्यांच्या आधी उठली होती. केस धुऊन, गरम पाण्यात पिळलेला टॉवेल डोक्याला गुंडाळून, त्यावर किराणा दुकानातली निळी प्लॅस्टिकची पिशवी कानांपर्यंत ओढून ती ओट्यापाशी कांदा चिरत होती.

"डोक्यावर पिशवी घालून काय हिंडतेस गं घरभर?" सासूबाई म्हणाल्या. "बाजारातून आणलेला कोबी दिसतेस अगदी."

"कोबीला मान आहे आई, त्याला कुणी तेल चोपडत नाही."

तिचा नवरा अर्ध्या गालाला फेस लावून आरशाकडे निघाला होता, तेवढ्यात दार वाजलं. साधं नाही, दाराशी जुनं वैर असल्यासारखं. या घरात असं दार फक्त नणंद वाजवी.

आणि नणंदच होती. मागे एक पार्लरवाली. तिच्या खांद्यावर फुगलेली बॅग होती आणि बॅगेच्या चेनमधून केस सरळ करायच्या मशीनची वायर शेपटासारखी लोंबत होती.

"दुपारी घरच्या सगळ्यांच्या फोटोसाठी फोटोवाला येणार ना," नणंद चप्पल काढता काढताच म्हणाली. "म्हटलं, या वेळी वहिनीच्या केसांचा एकदाचा निकाल लावू. माझ्याकडून भेट! आणि हे काय, डोक्यावर पिशवी? गळतंय की काय?"

धाकटी हसली, पण सुरी हातातच राहिली. दोन सुनांतली ती धाकटी. थोरली नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली, तरी हिचं नाव धाकटीच राहिलं. आणि धाकटी म्हटलं की कोणालाही आधी तिचे केस आठवायचे.

केस होतेच तसे. बारीक, घट्ट वेटोळ्यांचे, पेनातल्या स्प्रिंगसारखे. नळाखाली डोकं धरलं तर पाण्याचे थेंब वर मण्यांसारखे उभे राहायचे आणि अळवाच्या पानावरून घरंगळावे तसे निघून जायचे. आतले केस कोरडे ठणठणीत. लहानपणी तिची आई कपाळावर हात मारून म्हणायची, "तुझं डोकं म्हणजे पालथा घडा. उपदेशही ओघळतो, पाणीही ओघळतं." वडील नवा कंगवा आणून देताना आधीच्या तुटक्या कंगव्यासाठी एक मिनिट उभे राहायचे, टोपी काढून. शाळेत मागच्या बाकावरच्या मुली तिच्या केसांत पेन्सिली खोचून ठेवायच्या आणि तिला त्या घरी आल्यावर सापडायच्या. तिने एकही परत केली नाही. तिच्या बंडाची ती सुरुवात म्हणायची.

लग्न होऊन आली तेव्हा सासूबाईंनी ते डोकं ताब्यात घेतलं. त्यांचा हिशेब सरळ होता. केस कोरडे आहेत, म्हणजे तेल कमी पडतंय. दर शनिवारी त्या तिला पुढ्यात बसवून तेल चोळायच्या. हात मायेचा होता, त्यात वाद नाही. धाकटीला अर्ध्यातच डुलकी यायची. पण केस आणखी राठ झाले, म्हणून तेल आणखी वाढलं. तेल वाढलं तशी धूळ बसायला लागली, बट ताठ झाली, कपाळावर पुळ्या आल्या. तेल आत जातंय की वरच बसून राहतंय, हे घरातल्या कुणालाच विचारावंसं वाटलं नाही. धाकटीलाही नाही. आपलेच केस वाईट, असं तीही धरून चालली होती.

ती एका हॉटेलच्या लॉन्ड्रीत कामाला होती. चादरी, टेबलक्लॉथ, नॅपकिन, आणि दिवसभर फुसफुसणारी वाफेची इस्त्री. केसांवर टोपी सक्तीची. तिथे तिच्या एक गोष्ट लक्षात यायला लागली. कामाची पाळी संपवून टोपी काढली की केस मऊ असायचे, बोटं सहज फिरायची. आणि सुट्टीच्या दिवशी घरी, एवढं तेल लावूनसुद्धा, काथ्याच्या दोरीसारखे.

मग एकदा हॉटेलात नवे टेबलक्लॉथ आले. वीण इतकी घट्ट की पाणी शिंपडलं तर थेंब वर डुलत बसायचे. लॉन्ड्रीच्या मुकादमबाईंनी ते कोमट पाण्यात बुडवले, ओल्यातच गुंडाळले, वर गरम कापड टाकलं आणि म्हणाल्या, "पाण्याला आत शिरायला वेळ द्या. दार लोटून घुसायचं नसतं." बाकीच्या बायका कामाला लागल्या. धाकटी मात्र टोपीखाली हात घालून उभी राहिली.

त्या दिवशी घरी येऊन तिने पहिलं काम केलं ते तेलाची बाटली सासूबाईंचा हात पोचणार नाही अशा उंच फळीवर ठेवण्याचं. साचलेलं तेल शाम्पूने निघून जाईपर्यंत डोकं धुतलं. गरम वाटेल इतपत पाणी, बोटांनी एकेक बट वेगळी करून, आतपर्यंत भिजेस्तोवर. मग ओल्या केसांवरच हलकं क्रीम, थोडंथोडं. वर ऊबदार टॉवेल, त्यावर पिशवी, म्हणजे ऊब कुठे पळायला नको. आधी क्रीम जास्त झालं आणि बटा चिकट झाल्या. पुढच्या वेळी टॉवेल लवकर गार पडला. पण हळूहळू केसांना पाणी पटायला लागलं. जाहिरातीतल्या बाईसारखे झाले नाहीत. तिचेच राहिले, फक्त मऊ.

एकच अडचण होती. याला वेळ लागायचा, आणि वेळ होता तो फक्त रविवारी, त्याच बाथरूममध्ये. पाणी नीट मुरायच्या आत बाहेरून ठकठक सुरू व्हायची. "झोपलीस का आत?" "अगं, टाकी रिकामी करतेस का?" कितीदा तरी ती अर्धे कोरडे केस घेऊन बाहेर आली होती.

आणि आज तर दार वाजवणारी मशीनच घेऊन आली होती.

"बसा वहिनी," म्हणत पार्लरवालीने खुर्ची ओढली आणि वायर भिंतीच्या प्लगात खुपसली. तिने पिशवी उचलून टॉवेल जरा सैल केला आणि कडेच्या एका बटेवर फवारा मारला. ती बट टॉवेलाबाहेर राहून पुन्हा कोरडी झाली होती. थेंब मण्यांसारखे उभे राहिले आणि घरंगळले. "अगं बाई, हे तर पाणीच धरत नाहीत! यांना कडक औषध लागेल. जरा जास्त वेळ ठेवावं लागेल, चुणचुणेल थोडं."

"ठेवा हो, चुणचुणू दे," नणंदेने परस्पर परवानगी दिली. "मागच्या फोटोत ओढणी बांधून उभं केलं होतं हिला. हॉलमध्ये पाहुणा आला की पहिलं विचारतो, ही आजारी होती का?"

कोपऱ्यात लेक दुधाचा ग्लास घेऊन उभी होती. पार्लरवालीची नजर तिच्याकडे गेली. हुबेहूब तेच डोकं, लहान मापात.

"छोटीचेही असेच आहेत की! एकदमच करून टाकू का दोघींचे?"

लेकीने ग्लास खाली ठेवला, स्वतःच्या केसांना हात लावला आणि अगदी हळू विचारलं, "आई, माझेपण वाईट आहेत?"

धाकटी उठली. भिंतीपाशी गेली आणि वायर प्लगातून खेचून काढली.

"नाहीत," ती लेकीला म्हणाली. "तुझेही नाहीत, माझेही नाहीत. ते पाणी सावकाश पितात, एवढंच."

"अगं, मी तुझ्या भल्यासाठी आणलंय सगळं," नणंदेचा चेहरा उतरला. "फोटो जन्मभर भिंतीवर राहणार."

"राहू दे की. मीही जन्मभर याच डोक्याची राहणार. ताई, तुमचं मन मोठं आहे, पण डोकं माझं आहे. मागच्या फोटोत मला एवढं कडेला ढकललंत की ओढणीबाहेर माझा एकच कान आलाय. या वेळी दोन्ही कान येतील आणि मधले केसही येतील."

नवऱ्याला हसू फुटलं आणि फेस नाकात गेला. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांचा आवाज बारीक झाला. "म्हणजे मी इतकी वर्षं तेल घातलं ते फुकटच?"

धाकटी त्यांच्याजवळ टेकली. "हात फुकट नाही गेला, आई. त्या हाताने मला झोप लागायची, ती लॉन्ड्रीत उभं राहून आलेली सगळी ठणक विसरायला लावायची. तेल तेवढं उशी प्यायली."

"तरीच!" सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "उशीच्या तोंडावर माझ्यापेक्षा तेज आहे."

पार्लरवाली वायर गुंडाळत होती. "मग आता मला चहा तरी मिळेल ना?"

"मिळेल. साखर किती?" धाकटीने पातेलं ठेवलं आणि डोक्यावर अडकलेला टॉवेल काढून टाकला. बटा मोकळ्या होऊन खांद्यावर उतरल्या, ओलसर, जड. लेकीने एक बट ताणली आणि सोडली. ती उडी मारून जागेवर गेली. लेकीने पुन्हा ताणली.

नणंद सोफ्यावर फुगून बसली होती. "पार्लर नको, तेल नको, ओढणी नको. सगळं नकोच आहे. मग तुला हवंय तरी काय, ते एकदा सांग बाई!"

सगळे धाकटीकडे बघायला लागले. नवऱ्याचा फेस गालावर वाळला होता, सासूबाईंच्या हातात रिकामा कप होता. असं या घरात तिला कुणी विचारलं नव्हतं. तिने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

"रविवारी सकाळी तासभर बाथरूम आम्हा दोघींचं," ती म्हणाली. "तेवढ्या वेळात कुणी दार वाजवायचं नाही."