मोटरवाल्याचा डावा कान

कुरकुरणारी पाण्याची मोटर मला दाखवा. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिच्यावर टेकवतो, मूठ कानामागच्या हाडाला लावतो आणि कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतो. शिवाय गिऱ्हाइकाला दम भरतो, तो फुकट. "आवाज आला तेव्हाच बंद का नाही केली? चालवत राहिलात, आता आतलं सगळं गेलं ना!"

या शहाण्याला मधुमेह आहे. गोळ्या आठवणीने घ्यायच्या असतात आणि माझी आठवण चहातल्या साखरेपलीकडे जात नाही. त्यात डावा कान खाजायला लागला. वाइंडिंगची तांब्याची तार दुमडली आणि मनसोक्त खाजवला. ठणका सुरू झाल्यावर कोमट तेल सोडलं. पू आला तेव्हा बायकोला समजावलं, "घाण बाहेर पडतेय, चांगलंच आहे." उशी नुसती लागली तरी कळ मस्तकात जायची, पण दुसऱ्याला दुरुस्ती विचारायची म्हणजे माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात.

एका सकाळी चूळ भरली, तर पाणी ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून आपोआप गळलं. आरशात पाहिलं. अर्धं तोंड खाली ओघळलं होतं. बायकोने दंडाला धरून इस्पितळात नेलं.

कानाची डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची. स्कॅन बघून म्हणाली, "काका, कानातला संसर्ग कवटीच्या हाडात उतरलाय. साखर एवढी वाढली की शरीर लढत नाही. चेहऱ्याची नस त्यात सापडलीये. अजून पसरला तर गिळायची नस जाईल, मग जिवावर बेतेल. दुखलं तेव्हाच का नाही आलात?"

एवढी वर्षं गिऱ्हाइकं काय गिळत होती ते मला तेव्हा कळलं. मी मान खाली घातली.

मग आठवडेच्या आठवडे शिरेतून औषध. रोज सकाळी माझी परीक्षा व्हायची, घोटभर पाणी प्यायची. ठसका लागला तर समजायचं, दुखणं पुढे सरकलं. ग्लास बायको धरायची. आम्ही मात्र वॉर्डात विनोदवीर म्हणून गाजत होतो. वाकड्या तोंडाने नकला फार छान जमतात. एकदा घोट घेतला आणि मुद्दाम डोळे फिरवून खोकलो. खो खो करत बिछान्यावर आडवा झालो.

कुणी हसलं नाही. बायको डॉक्टरला हाक मारायला गेली, पण तिच्या तोंडून आवाजच फुटेना. ती भिंतीला टेकून खाली बसली.

"अगं, गंमत केली!"

"रोज हा ग्लास धरताना माझा जीव जातो," ती रडत म्हणाली. "आणि तुम्हाला गंमत सुचते?"

मी इतका मूर्ख आहे हे मला माहीत होतं. इतका दुष्ट आहे हे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा ग्लास घेऊन उभी राहिली. डोळे माझ्या गळ्यावर. त्या क्षणी मला पहिल्यांदा मरणाची खरी भीती वाटली, तिच्याकडे बघून. जपून घोट घेतला. गिळला.

"गेलं?"

"गेलं."

तिने ग्लास खाली ठेवला नाही. "आणखी एक घ्या," ती म्हणाली. "माझ्यासाठी."